नातीच्या अजगराचं दुखणं

लेकीकडे अमेरिकेला जाऊन आलेली बाई परत आली की काय काय सांगते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. नायगारा पाहिला, तिथल्या देवळात आरती झाली, भांडी घासायला यंत्र आहे पण त्यात भांडी आधी विसळूनच ठेवावी लागतात, वगैरे वगैरे. ते सगळं मी सांगत बसत नाही. मी सांगणार आहे ती एका आजारी अजगराची हकिगत. दचकू नका, पान उलटू नका, आणि ‘बायकांच्या साप्ताहिकात साप कशाला?’ असंही म्हणू नका. या हकिगतीत मीठ आहे, कालनिर्णय आहे, गॅसचं बिल आहे आणि जावईसुद्धा आहेत. म्हणजे विषय तुमचा-माझाच झाला की नाही?

लेक शिकागोजवळच्या एका उपनगरात राहते. २०२३ च्या सप्टेंबरात मी सहा महिन्यांसाठी तिच्याकडे गेले. नात बारा वर्षांची. तिने अजगर पाळलाय हे फोनवर कळलं होतंच, त्यामुळे मनाची तयारी करूनच गेले होते. आपल्या रानातला तो आडदांड अजगर नव्हे हा. त्याला तिकडे बॉल पायथन म्हणतात. घाबरला की अंगाचा गच्च गोळा करतो आणि डोकं मध्ये लपवतो, म्हणून ‘बॉल’. नातीने त्याचं नाव ठेवलं होतं लाडू! साडेतीन फूट लांबीचा, तपकिरी-पिवळ्या नक्षीचा, बिनविषारी आणि स्वभावाने इतका गरीब की आमच्या शेजारच्यांची मांजर त्याच्यापेक्षा दांडगी म्हणायची.

हा प्राणी मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. घाना, टोगो, बेनिन या देशांतला. बेनिनमध्ये विदा नावाच्या गावी तर या अजगरांचं देऊळच आहे आणि तिथले लोक त्यांना मारत नाहीत. मला ते ऐकून बरं वाटलं. नागपंचमीला पाटावर नाग काढून पूजणारी आपण माणसं. आपल्यासारखं कुणीतरी तिकडेही आहे म्हणायचं.

लाडूचं बिऱ्हाड दिवाणखान्याच्या कोपऱ्यात होतं. चार फुटी काचेची पेटी, वर तारेच्या जाळीचं झाकण, खाली लाकडाचा भुसा, एका टोकाला दिवसा पेटणारा उष्ण दिवा, पेटीखाली गरम होणारी एक पट्टी, लपायला दोन ढोल्या आणि पाण्याचं भांडं. काचेवर एक गोल तबकडी चिकटवलेली. हवेतली ओल किती ते तिच्यावरचा काटा दाखवायचा. खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर. दर दहा-बारा दिवसांनी एक, कोमट पाण्यात ठेवून ऊब आलेला. त्यासाठी तळघरात वेगळा छोटा फ्रीझर होता. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, तेव्हा तो फ्रीझर मी सहा महिन्यांत एकदाही उघडला नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता दुखण्याकडे येते. साप कात टाकतो हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण कशी, ते मी तिथे समजून घेतलं. आधी काही दिवस डोळे दुधाळ निळसर होतात. सापाला पापण्या नसतात. पापणीच्या जागी एक पारदर्शक चकती डोळ्यावर कायम असते आणि कातीबरोबर तीही निघते. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि दोन-चार दिवसांनी साप खरबरीत जागी तोंड घासून ओठापासून कात सोडवतो. प्रकृती चांगली असेल तर पायमोजा उलटा काढावा तशी सगळी कात एकसंध निघते. सप्टेंबरात मी पोचल्यावर आठवड्याच्या आतच तशी अखंड कात पाहिली होती. नातीने ती हातात धरून घरभर नाचवली होती.

१४ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, लाडूने पुन्हा कात टाकली. ती मात्र निघाली चिंध्या चिंध्या होऊन. कांद्याच्या सुकलेल्या सालीसारखे तुकडे भुशात पडलेले. शेपटीच्या टोकाला एक कडं तसंच राहिलेलं आणि डाव्या डोळ्यावरची चकती निघालीच नाही, डोळा मळकट दिसू लागला. शेपटीवरचं कडं सुकून आवळलं तर पुढचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून ते ओल्या फडक्याने हळूहळू सोडवलं. डोळ्याला मात्र कुणी हात लावायचा नसतो. चिमट्याने ओढायला गेलं तर डोळाच जायचा. पुढच्या कातीबरोबर तो पडदा आपसूक निघण्याची वाट पाहायची.

मग लाडूने खाणं सोडलं. हे अजगर हिवाळ्यात कधी कधी महिनोन् महिने खात नाहीत, म्हणून आम्ही फार मनावर घेतलं नाही. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री नात मला उठवायला आली. ‘आजी, लाडू आवाज करतोय.’ जाऊन पाहिलं तर दर श्वासाला बारीक टिक् टिक् होत होतं. तोंड किंचित उघडं, मान वर केलेली आणि ओठाशी लाळेचा बुडबुडा. मुलं वाढवलेल्या बाईला छाती भरल्याचा आवाज ओळखायला शिकवावं लागत नाही, मग ते मूल पाळण्यातलं असो की काचेच्या पेटीतलं.

दुसऱ्याच दिवशी सापांचे आजार पाहणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तोंड उघडून पाहिलं, क्ष-किरण चित्र काढलं, घशातला स्राव तपासायला घेतला आणि मग एक गोष्ट सांगितली. ती ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आपल्याला कफ झाला तर आपण खोकतो. सापाला छातीखालचा पडदा नसतो, त्याला आपल्यासारखं खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. तो आतच साचतो. म्हणून सापाचा न्यूमोनिया वेळेवर धरला नाही तर जिवावर बेततो. (गारुडी नागपंचमीला उपाशी-तहानलेल्या नागांना दूध पाजत, त्यांतले कित्येक पुढे का मरत, तेही मला तेव्हा उमगलं. सापाला दूध पचत नाही, आणि ते श्वासनळीत गेलं तर परत यायला वाटच नाही.)

औषध मिळालं. दर बहात्तर तासांनी एक इंजेक्शन, घरीच द्यायचं. पण डॉक्टरीणबाई निघताना म्हणाल्या, सरपटणाऱ्या प्राण्यांची बहुतेक दुखणी त्यांच्या राहत्या घरातून येतात. कारण शोधलं नाहीत तर औषध संपलं की पुन्हा इथेच याल.

घरी काय चाललं होतं ते सांगते. पहिल्याच भेटीचं बिल बघून लेक रात्री जावयांना म्हणाली, ‘हे असंच चालणार असेल तर त्याला एखाद्या संस्थेत देऊन टाकू या.’ बंद दारातून मुलांना सगळं ऐकू जातं, हे आयांना कधी कळणार कोण जाणे. नातीचं जेवण उडालं. रात्री ती पेटीशेजारी जमिनीवर पांघरूण घेऊन झोपू लागली. एकदा म्हणाली, ‘आजी, मीच काहीतरी चुकीचं केलं असणार.’ बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडी ते ‘असणार’ ऐकून मला राहवेना. म्हटलं, ‘असणार नको बाळा. शोधू या.’

प्रत्येकाचा आपापला संशय होताच. लेकीला वाटे, उंदरांच्या पाकिटातच काहीतरी खराबी असेल. जावयांचं म्हणणं, अंगावर माइट झाले असतील. हे पिसवांसारखे बारीक काळे किडे सापाच्या खवल्यांखाली राहून रक्त पितात आणि साप अगदी रोडावतो. म्हणून आम्ही दोन दिवस भुसा काढून पांढरा कागद अंथरला आणि पाण्याचं भांडं सकाळ-संध्याकाळ पाहिलं. काळा ठिपका एकही नाही. उंदरांचं पाकीट ऑगस्टपासूनचं, त्यातलेच खाऊन तो ऑक्टोबरापर्यंत ठणठणीत होता. भुसाही वर्षभर तोच. सीडरच्या लाकडाचा भुसा सापांना बाधतो म्हणतात, पण हा तो नव्हता. अजगरांमध्ये पसरणारा श्वसनाचा एक विषाणू २०१४ पासून माहीत झालाय, त्याची तपासणीही झाली. तो नाही म्हणून कळलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

आता कालनिर्णय. दुधाचे खाडे, गॅसच्या नळकांड्याची तारीख, मोलकरणीच्या सुट्ट्या, सगळं आपण ज्यावर लिहितो ते. मी ते अमेरिकेलाही घेऊन गेले होते. नातीच्या वहीत लाडूच्या नोंदी होत्या, पण वहीचं पान उलटलं की मागचं दिसेनासं होतं. मी तिला म्हटलं, सगळ्या कातींच्या तारखा या चौकोनांत मांड. अखंड निघाली तिथे लाल गोल, फाटली तिथे फुली. १८ जानेवारी फुली. ११ मार्च फुली. ६ मे गोल. २८ जून, ९ ऑगस्ट, २२ सप्टेंबर, तिन्ही गोल. १४ नोव्हेंबर फुली. भिंतीवर पानं ओळीने लावली आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. उन्हाळ्यात गोल, हिवाळ्यात फुल्या. गेल्या वर्षीही!

लेक म्हणाली, ‘अगं आई, हिवाळ्यात तर घरात उलट ऊब असते. भट्टी चालू असते ना.’ खरं आहे. तिथे तळघरात गॅसची भट्टी असते आणि तिची गरम हवा जमिनीतल्या जाळ्यांतून प्रत्येक खोलीत येते. पण ती भट्टी सुरू झाल्यापासून माझ्या टाचा भेगाळल्या होत्या. शाल काढली की चटचट ठिणग्या उडत. मळलेली कणीक दहा मिनिटं उघडी राहिली तर वर पापुद्रा धरायचा. बाहेर गुडघाभर बर्फ आणि घरात वैशाखातल्या विदर्भासारखी कोरड!

आमचे हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. फोनवर विचारलं, तर त्यांना तेवढंच हवं होतं. म्हणाले, उणे दहा अंशाच्या हवेत, एका घनमीटरात, दोन-सव्वादोन ग्रॅमच पाण्याची वाफ मावते. तीच हवा घरात घेऊन एकवीस अंशाला तापवली की तिला अठरा ग्रॅम हवे असतात. तिच्याकडे आहेत दोन. मग ती तुझ्या टाचांतून, कणकेतून, जिथून मिळेल तिथून पाणी ओढणार. लाडूचे आफ्रिकेतले भाईबंद तर उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतात. तिथली हवा दमट असते. या अजगरांना हवेत पन्नास-साठ टक्के ओल लागते, कात टाकताना त्याहून थोडी जास्त. ती नसेल तर जुन्या-नव्या कातडीमध्ये ओलावाच राहत नाही, आणि कात अंगाला चिकटते.

पण गाडं अडलं ते त्या गोल तबकडीपाशी. तिचा काटा साठावर. पहाटे साठ, दुपारी साठ, शेजारी भट्टीची जाळी फुसफुसत असतानाही साठ. ‘आजी, ओल तर बरोबर आहे,’ नात म्हणायची. ज्या घड्याळात नेहमी सव्वासातच वाजलेले असतात त्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवाल का? ह्यांनी यावर एक युक्ती सांगितली. ती तुम्हीही घरी करून पाहण्यासारखी आहे.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, नाही का? हवेतली ओल पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ पाणी धरू लागतं. ह्याच गुणामुळे, बंद डब्यात ओलसर मीठ ठेवलं तर आतली हवा बरोबर पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून दाट चिखलासारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि तबकडी एका घट्ट डब्यात रात्रभर ठेवायची. आम्ही त्या तबकडीबरोबर नवा आणलेला आकडेवाला मापकही ठेवला. सकाळी नव्याचा आकडा ७४. आणि तबकडी? साठ! नातीने मग नवा मापक लाडूच्या पेटीत ठेवला. दुपारी त्यावर आकडा आला २२. बिचारा दोन हिवाळे वाळवंटात राहत होता आणि काचेवरचा काटा सगळ्यांना सांगत होता की सगळं ठीक आहे.

कात समजली. पण छाती समजली नाही. कारण गेल्या हिवाळ्यातही हीच कोरड होती, तेव्हा लाडूला टिक् टिक् झालं नव्हतं. म्हणजे यंदा आणखी काहीतरी वेगळं होतं.

त्या नव्या मापकात रात्रीतलं सगळ्यांत कमी तापमान लक्षात ठेवायची सोय होती. सकाळी नातीने पाहिलं तर १९ अंश. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं, दिवसा उबेच्या टोकाला ३२, गार टोकाला २६, आणि रात्री चोवीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही. सापाचं अंग हवेइतकंच गरम. गारठला की अन्न पचत नाही आणि रोगाशी झुंजायची ताकदही जाते. पेटीखालची पट्टी काच तापवायची, पण वरची हवा कोण तापवणार? दिवा तर रात्री बंद.

रात्री घर इतकं गार का होत होतं, ते मला ठाऊक होतं. आदल्या हिवाळ्यात गॅसचं बिल फार आलं, म्हणून जावयांनी यंदा नवा थर्मोस्टॅट बसवला होता. रात्री अकराला तो आपोआप घर गार करायचा आणि सकाळी सहाला पुन्हा तापवायचा. घरच्या माणसांना जाड रजया होत्या. आता सासूने जावयाला हे सांगायचं कसं? मैत्रिणींनो, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? सहा महिन्यांची पाहुणी मी. आणि त्यांनी ते केलं होतं संसाराचे चार पैसे वाचावेत म्हणून.

मी काही बोलले नाही. नातीला एक कागद आखायला लावला. रात्री दहा, अकरा, बारा, आणि सकाळी उठल्यावर सगळ्यांत कमी, असे आकडे त्यात रोज लिहायचे. तो कागद फ्रिजवर लावला. बारा वाजता जागी मीच असायची. या वयात झोप कुठली? चौथ्या दिवशी जावई चहाचा कप घेऊन त्या कागदापुढे उभे राहिले. म्हणाले, ‘आई, हे अकरानंतरच का उतरतंय?’ मी म्हटलं, ‘जावईबापू, अकरा वाजता या घरात काय होतं, ते तुम्हालाच माहीत.’ ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नातीला जवळ घेऊन म्हणाले, ‘तुझं काही चुकलं नव्हतं गं.’ ती त्यांच्या कमरेला मिठी मारून जी रडली, ती पुष्कळ दिवसांची साठलेली होती.

त्यांनी लगेच उजेड न देता नुसती ऊब देणारा चिनी मातीचा दिवा मागवला, वेगळ्या थर्मोस्टॅटसकट. हिशेबही केला: साठ वॉटचा दिवा दहा तास म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज. सगळं घर रात्रभर तापवण्यापुढे ते काहीच नाही. तेव्हा त्यांचं अकरा वाजताचं गणितही राहिलं आणि लाडूची ऊबही. पेटी जमिनीतल्या जाळीपासून लांब, आतल्या भिंतीशी नेली. झाकणाचा दिव्यापासून दूरचा भाग स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियमच्या कागदाने झाकला, म्हणजे वाफ उडून जाणार नाही. पाण्याचं भांडं मोठं केलं. एका डब्याला भोक पाडून त्यात ओलसर शेवाळ भरलं, कात टाकायची खोली म्हणून. सगळा भुसा मात्र भिजवायचा नाही हं. ओल वेगळी आणि चिखल वेगळा. चिखलात सापाच्या पोटाचे खवले सडतात. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाने गुण आला ते कळतं, असं आमचे हे म्हणाले. घरात आजारी असताना एवढा धीर धरणारी बाई मला दाखवा!

इंजेक्शनं नातीने दिली, लेकीने लाडूला धरलं. हो, त्याच लेकीने. पहिल्या वेळी दोघींचे हात कापत होते.

मध्येच एक सांगून ठेवते. हे वाचून तुमच्या चिरंजिवांनी साप पाळायचा हट्ट धरला, तर आपल्याकडे तो मुळीच पुरवू नका. भारतातले साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या परदेशी जातींनाही २०२२ च्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी नोंद लागते. आणि हे अजगर वीस-तीस वर्षं जगतात. मुलगा शिकायला परगावी गेला की पुढची पंचवीस वर्षं तो कुणाच्या गळ्यात, ते तुम्हीच ओळखा. मोरीत साप निघाला तर सर्पमित्राला नाहीतर वनखात्याला बोलवावं आणि तो येईपर्यंत लांबून लक्ष ठेवावं, बस्स.

डिसेंबर संपता संपता टिक् टिक् थांबली. वजन ११८० ग्रॅमवरून १०९० पर्यंत उतरलं होतं, ते तिथेच टिकलं. ४ जानेवारीला लाडूने पहिला उंदीर खाल्ला. नात तळघराच्या जिन्यावरून ओरडत वर आली, तेव्हा मी आणि जावई तिळगुळाचं सामान लिहून काढत होतो. १० तारखेला डोळे दुधाळ झाले. आकडेवाल्या मापकावर तेव्हा ६४ होतं.

१६ जानेवारी २०२४ ला पहाटे त्या शेवाळाच्या डब्याबाहेर कात पडलेली सापडली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकसंध. माझ्या शिवणाच्या टेपने मोजली तर चार फूट दोन इंच भरली. कात ताणली जाते, म्हणून सापाहून लांब निघते. नातीने ती खिडकीच्या उजेडात धरून आधी डोळे पाहिले. उजव्या डोळ्याची चकती एक, आणि डाव्या डोळ्याच्या दोन, एकावर एक चिकटलेल्या.